उन्हाळ्याचा मॅप

२०१९ चा जून. सकाळचे सात वाजलेत आणि शारजात मोबाईल ३७ अंश दाखवतोय. हवा इतकी दमट की एसीतून बाहेर पडलं की चष्म्यावर वाफ धरते. लेकीच्या शाळेच्या अलीकडच्या सिग्नलला मी क्लच दाबला, गिअर काढला आणि नेमका त्याच क्षणी गाडीच्या एसीचा कॉम्प्रेसर लागला. आरपीएमचा काटा सातशेवरून घसरला, चारशेला थरथरला आणि गाडी बंद. मागच्या सीटवरून चार वर्षांची लेक म्हणाली, "पप्पा, परत?"

मागच्याने हॉर्न दिला. त्या बिचाऱ्याला काय माहीत, की समोरच्या लाल गाडीच्या बॉनेटखाली कंपनीच्या इंजिनावर वरून सुपरचार्जर बसवलेला आहे, आणि रोलरवर दोनशे चाळीस घोडे दाखवणारी ही गाडी सिग्नलला एका एसीचा भार घेऊ शकत नाही.

यातली गंमत अशी की मी स्वतः एसीवाला. चिपळूणहून आयटीआय करून २००६ साली इथे आलो. आधी स्प्लिट युनिटं धुतली, मग चिलरवर गेलो. आज मोठमोठ्या इमारतींच्या गच्चीवर दुसऱ्यांच्या कॉम्प्रेसरची दुखणी काढतो. आणि माझीच गाडी माझ्याच धंद्याच्या यंत्रापुढे मान टाकत होती.

गाडी टोयोटा ८६. २०१३ चं मॉडेल, फेब्रुवारी २०१९ मध्ये वापरलेली घेतली. ज्यांना गाड्यांचं वेड नाही त्यांच्यासाठी सांगतो. ही छोटी, बुटकी, दोन दारांची गाडी. वजन साधारण साडेबाराशे किलो, इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना. इंजिन दोन लिटरचं, सुबारूच्या पद्धतीचं, म्हणजे सिलिंडर उभे नसून दोन्ही बाजूंना आडवे. कंपनीचा आकडा २०० अश्वशक्ती. वळणावर ही गाडी जशी चालते तशी मी दुसरी चालवलेली नाही. पण एक खोट सगळ्यांना माहीत आहे. तीन-साडेतीन हजार आरपीएमच्या पुढे टॉर्कमध्ये एक खड्डा आहे. घाटात ओव्हरटेक करताना नेमकी तिथेच गाडी श्वास घ्यायला थांबल्यासारखी वाटते. त्या खड्ड्यावर उपाय म्हणून लोक टर्बो लावतात, नाहीतर सुपरचार्जर. आधीच्या मालकाने सुपरचार्जर लावला होता. इथे इंजिनात बदल करायचा तर सरकारी परवानगी लागते. ती त्याने घेतलेली होती, आणि ते कागद डोळ्यांनी पाहूनच मी बयाणा दिला.

अठ्ठेचाळीस हजार दिरहम. आकडा लपवण्यात अर्थ नाही. त्यातले निम्मे साठवलेले, निम्मे बँकेचे. बायकोला मी "टोयोटा घेतोय" एवढंच सांगितलं होतं. तिच्या डोळ्यासमोर कोरोला होती. गाडी इमारतीखाली आली तेव्हा तिने मागची सीट बघितली आणि विचारलं, "इथे माणूस बसतो की फक्त दफ्तर?"

जुम्म्यानंतर चहाला बसलो की आमच्या गाववाल्यांत हा विषय निघायचाच. एक वडीलधारे होते, कुवेतमध्ये तीस वर्षं काढून आता मुलाकडे शारजाला आलेले. ते एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "बेटा, गरज भागवणारी गाडी आहे तोवर ठीक. त्यापुढे इसराफ." उधळपट्टी. मी हसून विषय बदलला. पण घरी येऊन वहीत हिशोब मांडायला घेतला आणि ती वही आजही चालू आहे. पेट्रोल, ऑइल, प्लग, पट्टा, ट्यूनिंगचे पैसे, सगळं. त्यांना उत्तर द्यायला ती वही काढली होती. उत्तर काही सापडलेलं नाही.

सुपरचार्जर म्हणजे काय, हे समजायला मला वेळ लागला नाही. इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरणारा हवेचा पंप. टर्बो धुराच्या झोतावर फिरतो, हा सरळ क्रँकवरून ताकद उसनी घेतो आणि जास्त करून परत देतो. कुळ जुनं आहे. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या कॉनर्सविल गावी रूट्स आडनावाचे दोन भाऊ होते, लोकरीची गिरणी चालवणारे. त्यांनी १८६० साली हवा ढकलणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. ते मोटारीसाठी नव्हतंच, मोटार कुठे होती तेव्हा? लोखंडाच्या भट्ट्यांना हवा पुरवायला ते वापरलं जायचं. पुढे १८८५ मध्ये जर्मनीत गॉटलिब डाइमलरने इंजिनात हवा दाबून भरायची कल्पना पेटंटमध्ये मांडली, आणि १९२१ मध्ये मर्सिडीजने तशा गाड्या लोकांसमोर आणल्या. माझ्या गाडीवरचा पंप त्या रूट्स भावांच्या यंत्राचाच पणतू. दोन रोटर, प्रत्येकाला चार पाकळ्या, पिळलेल्या. एका फेऱ्यात १३२० घनसेंटीमीटर हवा पुढे ढकलतो.

पण हवा दाबली की ती तापते. हा माझ्या पोटापाण्याचा नियम आहे, मी रोज त्याच्याशी झगडतो. बाहेर ४६ अंश असताना आठ पीएसआयने हवा दाबली, तर पंपातून निघणारी हवा शंभर अंशांच्या वर जाते. मग ती पाण्याच्या इंटरकूलरमधून थंड करून इंजिनाला द्यायची. त्यात बाहेरची हवाच मुळात पातळ. वीस अंशांच्या हवेपेक्षा ४६ अंशांच्या हवेत प्राणवायू आठ टक्क्यांनी कमी. म्हणजे युरोपात कुणीतरी थंड सकाळी जो ट्यूनिंगचा मॅप बनवला, तो शारजाच्या दुपारी लावणं म्हणजे कोकणातल्या माणसाला बर्फात लुंगीवर पाठवण्यासारखं. उलट्या दिशेने, एवढाच फरक.

थंडीत घेतलेली गाडी थंडीत छान चालली. मे उजाडला तशी एकेक दुखणी वर आली.

सनैयात, म्हणजे शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात, एक फिलिपिनो ट्यूनर आहे. कमी बोलणारा. पहिल्या भेटीत मी त्याला विचारलं, "किती पॉवर निघेल?" त्याने माझ्याकडे न बघता विचारलं, "सकाळी कामावर याच गाडीने जातोस?" मी हो म्हटलं. मग त्याने लॅपटॉप लावला आणि पॉवरचं नावही न काढता तासभर नुसती गाडी उभी ठेवून आकडे बघितले.

त्याने जे शिकवलं ते थोडक्यात असं. इंजिनात किती हवा जातेय हे एक सेन्सर मोजतो. त्यावरून कॉम्प्युटर पेट्रोल ठरवतो. सुपरचार्जर लावताना हवेचा पाइप बदलला की सेन्सरवरून जाणारी हवा वेगळ्या पद्धतीने वाहते, आणि सेन्सर खोटं बोलायला लागतो. जाणूनबुजून नाही, पण खोटं ते खोटंच. कॉम्प्युटर मग धुरातल्या प्राणवायूवरून ताडून पाहतो आणि पेट्रोल वाढवतो किंवा कमी करतो. ती दुरुस्ती किती टक्के चाललीय हे लॉगमध्ये दिसतं. माझ्या गाडीत हळू चालताना अधिक अकरा टक्के आणि हायवेला उणे सहा. म्हणजे एका वेगाला गाडी उपाशी, दुसऱ्याला अजीर्ण. आधीच्या मालकाने रोलरवर फुल रेस देऊन वरची ताकद तेवढी जुळवून घेतली होती. खालचं, जिथे माणूस दिवसातले पंचाण्णव टक्के जगतो, ते तसंच सोडलेलं.

ते दुरुस्त करायला मला चार महिने लागले. ट्यूनरने मला लॉग घ्यायला आणि तक्ता बदलायला शिकवलं, कारण दर वेळी त्याला पैसे देणं मला परवडणार नव्हतं. रोज ऑफिसला जाताना लॉग, येताना लॉग. रात्री जेवण झालं की लॅपटॉपवर सेन्सरच्या प्रत्येक व्होल्टेजला सरासरी काढायची, तक्त्यात दोन टक्के इथे वाढव, तीन तिथे कमी कर. बायको म्हणायची, "गाडीचा रक्तदाब बघून झाला असेल तर झोपा." हळूहळू सगळी दुरुस्ती अधिक-उणे तीन टक्क्यांत आली. त्या दिवशी गाडीत बसलेल्या कुणालाही काही फरक कळला नसता. मला मात्र दुसऱ्या गिअरमध्ये पार्किंगच्या चढावरून हळूच वर येताना तो कळला. गचके नव्हते. बस, तेवढंच.

एसी लागल्यावर बंद पडण्याचं कारणही त्यातच सापडलं. थ्रॉटल आणि इंजिन यांच्यामध्ये आता पंप, इंटरकूलर असा भलामोठा पसारा आलाय. कॉम्प्रेसरचा भार आला की कॉम्प्युटर थ्रॉटल जरा उघडतो, पण ती हवा सगळा पसारा भरून इंजिनापर्यंत पोचेपर्यंत आरपीएम ढासळलेले असतात. उपाय म्हणजे एसी चालू असताना रिकाम्या चालीची हवा आधीच थोडी जास्त ठेवायची आणि आरपीएम नऊशेला आणायचे. इतकं साधं. मी, पंधरा वर्षं कॉम्प्रेसरचा स्टार्टिंग लोड सांभाळणारा माणूस, दोन महिने त्यावर चरफडत होतो.

पण एक गोष्ट मी त्या ट्यूनरच्या आधी पकडली आणि इथेच माझं बिघडलं. जुलैत इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान सिग्नलला ऐंशी अंशांवर जायचं आणि हायवेला लागूनही उतरायचं नाही. तो म्हणाला मोठा रेडिएटर लाव. मी बॉनेट उघडून इंटरकूलरच्या पाण्याच्या दोन्ही पाइपांवर हात ठेवला. एक कढत, दुसरा जेमतेम कोमट. पंपाचा आवाज येतोय, पाणी फिरत नाही. चिलरवर हे मी शंभर वेळा पाहिलंय. लाइनमध्ये हवा अडकलीय. गाडीचं तोंड उताराच्या उलट्या बाजूला, वर करून उभं केलं, टोपण उघडलं, पाइप दाबत दाबत बुडबुडे काढले. अर्ध्या तासात तापमान वीस अंशांनी खाली. खर्च शून्य. ट्यूनरने माझी पाठ थोपटली.

त्या पाठ थोपटण्याने मला वाटायला लागलं की मला सगळं कळतं.

२०२० मध्ये सगळं जग घरात बसलं. पगार काही महिने निम्मा झाला, नोकरी टिकली, अल्हम्दुलिल्लाह. गाडी खाली उभी आणि मी वर मोबाईलवर दुसऱ्यांचे रोलरवरचे आकडे बघत. माझे चाकावर दोनशे बेचाळीस. कुणाचे दोनशे सत्तर, कुणाचे दोनशे ऐंशी. पंपाची पुली लहान केली की तो जास्त वेगाने फिरतो, दाब वाढतो. पुली फार महाग नाही, तासाभराचं काम. डिसेंबरात मी ती लावली. ट्यूनर म्हणाला, "थंडीत चालेल. उन्हाळ्यात मॅप उतरवू. आणि खालच्या आरपीएमला टॉर्क सांभाळ, या इंजिनाचे कनेक्टिंग रॉड बारीक आहेत." रोलरवर दोनशे अडुसष्ट आले. त्याची प्रिंट मी फ्रिजवर लावली, लेकीच्या चित्रांच्या शेजारी. आता आठवलं की कानशिलं तापतात.

तो हिवाळा मात्र मजेत गेला, हे कबूल करायला हवं. टॉर्कचा खड्डा पार बुजला होता. तिसऱ्या गिअरमध्ये अडीच हजारापासून पाय दाबला की गाडी आवाज न करता पाठीला रेटायची, आणि वर पंपाची एक बारीक शीळ, लांबून येणाऱ्या रेल्वेसारखी. खोटं कशाला बोलू, त्या शिळेसाठी मी विनाकारण गाडी काढायचो. वहीत त्या तीन महिन्यांचं पेट्रोल बघा, कळेल.

एप्रिलमध्ये लॉगमध्ये नॉकिंग दिसायला लागलं. नॉकिंग म्हणजे पेट्रोल ठिणगीच्या ज्वाळेची वाट न बघता भलत्या जागी, भलत्या वेळी पेटणं. पिस्टनवर हातोडी बसते. सेन्सर ते ऐकतो आणि कॉम्प्युटर ठिणगी उशिरा टाकून इंजिनाला वाचवतो. एखाद-दुसरा अंश मागे घेतला तर कुणी घाबरत नाही. माझ्याकडे चौथ्या गिअरमध्ये साडेतीन हजाराला चार अंश मागे घेतले जात होते. रोज, त्याच जागी.

खरं करायचं होतं ते इतकंच की तो लॉग ट्यूनरला पाठवायचा. मी पाठवला नाही. कारण तो काय म्हणणार हे मला माहीत होतं. पुली उतर, नाहीतर टायमिंग उतर, आणि दोन्हीत दोनशे अडुसष्टचा आकडा जाणार. मी काय केलं सांगू? लॉग घेणंच बंद केलं. म्हटलं, पेट्रोल खराब असेल. पंप बदलला. सुपर ९८ तर आधीपासून भरतच होतो, त्याच्या वरचं पेट्रोल इथल्या पंपावर नव्हतं. साखरेचा रुग्ण तपासणीलाच जात नाही ना, तसं.

ईदचा दुसरा दिवस, १४ मे. घरच्यांना जेबेल जैसला न्यायचं ठरलं. रास अल खैमाचा तो डोंगर, देशातला सगळ्यात उंच. खाली चाळीस अंश असले तरी वर दहाने कमी. रस्ता म्हणजे स्वप्न. रुंद, काळाभोर, वळणावर वळण. बायको पुढे, लेक मागे तिच्या सीटमध्ये, पट्टा लावून, हातात ईदीचे पैसे मोजत. चार माणसं, एसी, दुपारचे तीन, असं सगळं आठवत बसलो की चौथा माणूस कोण हे आठवत नाही, कारण आम्ही तिघंच होतो. चौथा म्हणजे फ्रिजवरचा कागद असावा.

चढाला एक ट्रक होता. ओव्हरटेक करायला मी चौथ्याच गिअरमध्ये पाय दाबला. तिसरा टाकायला हवा होता. आळस. आणि बॉनेटखालून आवाज आला. स्टीलच्या डब्यात चार गोट्या टाकून हलवल्यासारखा. दोन सेकंद. मी पाय काढला. इंजिन एकदम जड झालं, जणू कुणी मागून दोरी धरलीय. ट्रक उजवीकडे, मी अर्धा पुढे, समोरून दिवे लावत उतरणारी रांग दुसऱ्या बाजूला. ट्रकवाल्याने वेग कमी करून मला आत घेतलं. अल्लाह त्याचं भलं करो, त्याचा चेहराही मी बघितला नाही.

पुढच्या थांब्यावर गाडी उभी केली. लेकीला वाटलं देखावा बघायला थांबलो. ती उतरून कठड्याशी गेली. मी मोबाईल गाडीला जोडला. कॉम्प्युटर इंजिनावर किती भरवसा ठेवून ठिणगी पुढे ढकलतोय, याचा एक आकडा असतो. सगळं ठीक तेव्हा तो १. माझा ०.५ च्या खाली होता. यंत्राने माझ्यावरचा विश्वास काढून घेतला होता आणि म्हणूनच ते इंजिन अजून एका तुकड्यात होतं.

बायकोने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "गरम झालीय." तिने माझ्याकडे बघितलं. अकरा वर्षांच्या संसारात माझा कुठला आवाज कुठल्या गोष्टीचा असतो हे तिला सेन्सरपेक्षा चांगलं कळतं. ती काही बोलली नाही. वरपर्यंत गेलोच नाही. एसी बंद करून, काचा खाली करून, ऐंशीच्या वर काटा न नेता शारजाला परत आलो. लेक घामेजून झोपली होती, मुठीत दहाची नोट.

ट्यूनरला तेव्हा सगळे लॉग दिले, एप्रिलचेही. त्याने तारखा बघितल्या. "हे तुला महिन्यापासून माहीत होतं," म्हणाला. विचारलं नाही, म्हणाला. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन तपासलं. आडव्या इंजिनात प्लग काढायचे म्हणजे बाजूने हात घालून बोटं सोलून घ्यायची. तो काढत होता आणि मी टॉर्च धरून उभा. एका प्लगच्या चिनीमातीवर मिरपूड भुरभुरल्यासारखे बारीक काळे ठिपके होते. ॲल्युमिनियम. पिस्टनचं. कॉम्प्रेशन मात्र चारही एकमेकांच्या जवळ आलं. वाचलं होतं.

आता दोन रस्ते होते. मोठी पुली परत लावायची आणि जुन्या आकड्यावर यायचं. नाहीतर इंजिन उघडून मजबूत रॉड आणि पिस्टन टाकायचे आणि मग हवा तितका दाब चढवायचा. दुसऱ्यासाठी माझ्याकडे अठरा हजार दिरहम बाजूला होते. मी, एवढं सगळं होऊनही, दुसऱ्याच रस्त्याला लागलो होतो. पार्टची यादी केली होती. जुलैअखेर गाडी सोडायची असं ठरलं होतं.

गावी २१ जुलैला बकरी ईद झाली. त्या रात्री पाऊस थांबला नाही आणि २२ ला पहाटे वाशिष्ठी चिपळुणात शिरली. अब्बांचा शेवटचा फोन साडेपाचला आला, "पाणी ओट्यावर आलंय, आम्ही वर जातो." मग दीड दिवस काही नाही. त्या दीड दिवसात मी गाडीच्या पार्टची यादी कुठे ठेवली ते आजतागायत सापडलेलं नाही. माणसं सुखरूप होती. खालचा मजला गेला. भांडी, गाद्या, फ्रिज, अम्मीचं शिलाई मशीन, कागदपत्रं, सगळ्यावर हातभर चिखल. अठरा हजार दिरहम त्याच आठवड्यात गावी गेले आणि पुरले नाहीत.

ऑगस्टमध्ये मोठी पुली परत लावली. प्रिंट फ्रिजवरून मी काढली, की बायकोने, हे आम्ही एकमेकांना विचारलेलं नाही.

अब्बा इथे आले २०२३ च्या जानेवारीत, व्हिजिट व्हिसावर. अब्बा एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते, आयुष्य डिझेल पंपाखाली गेलं. गाडीत बसायला त्यांना धरून उतरवावं लागलं, इतकी ती बुटकी. बसल्यावर म्हणाले, "जमिनीला लागली काय रे?" हायवेला लागल्यावर मी हलकाच पाय दिला. शीळ वाजली. त्यांनी कान दिला.

"हे पट्ट्यावर चालतं?"

"हो."

"मग उतरताना पण फिरतं. गरज नसताना पण."

मी सांगितलं की हलक्या पायाला एक झडप उघडते आणि हवा पंपाभोवती फिरून परत येते, दाब बनत नाही. त्यांना ते आवडलं. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी मला आजवर कधी सांगितली नव्हती. डेपोत दहा लिटरला गाडी किती किलोमीटर देते यावरून सगळ्यांची मापं निघायची. आकडा वाढवायचा सोपा मार्ग म्हणजे पंपाचं डिझेल थोडं कमी करायचं. आकडा वर जायचा, साहेब खूश. पण तीच गाडी भरल्या माणसांनी कशेडी चढताना रडायची, आणि ड्रायव्हर येऊन अब्बांना शिव्या घालायचा. "मग तुम्ही काय करायचात?" मी विचारलं. म्हणाले, "घाटाच्या गाड्यांचा पंप मी रात्री परत वाढवायचो. दोनदा मेमो मिळाला." आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

मग जरा वेळाने, "तुझी किती देते दहा लिटरला?" मी वहीतला खरा आकडा सांगितला, पंच्याऐंशी. त्यांनी फक्त "हं" केलं.

आता गाडीत दोन मॅप आहेत. नोव्हेंबर ते मार्च एक, उरलेल्या वर्षाचा दुसरा. उन्हाळ्याच्या मॅपमध्ये हवा पन्नास अंशांच्या वर गेली की ठिणगी मागे घ्यायला सुरुवात होते, साठला आणखी, आणि अडीच ते चार हजार आरपीएममध्ये थ्रॉटल पूर्ण उघडतच नाही, पाय कितीही दाबा. टॉर्कचा खड्डा तिथे थोडासा परत आलाय. मी तो स्वतःच्या हाताने खणलाय. चाकावर आता किती घोडे आहेत हे माहीत नाही, रोलरवर चढवली नाही. लॉग मात्र दर रविवारी घेतो आणि बरा असो वाईट असो, ट्यूनरला पाठवतो. बहुतेक वेळा तो नुसता अंगठा दाखवतो.

मध्ये एका तरुण गाववाल्याने गाडी विकत मागितली. चांगले पैसे देत होता. मी त्याला एप्रिल २०२१ चे लॉग दाखवले, प्लगचा फोटो दाखवला. तो म्हणाला, "हे कशाला दाखवता, चाचा? मी विचारलं पण नव्हतं." नंतर आला नाही.

लेक आता नऊ पुरी होऊन दहाव्यात आहे. इथे दहा वर्षांखालच्या मुलांना पुढे बसवता येत नाही, आणि मागे तिचे गुडघे माझ्या पाठीत रुततात. रोज सकाळी सिग्नलला एसीचा कॉम्प्रेसर लागतो, आरपीएम जरासे दबतात, नऊशेवर येऊन थांबतात, आणि मागून गुडघा बसतो. "पप्पा, सीट पुढे घ्या ना." मी घेतो. आता स्टीअरिंग छातीला लागायला आलंय.